हादऱ्यांची वही

आनंदी गेली तेव्हा तिच्या हातात वरवंटा होता. गावाने त्याचा एकच अर्थ लावला. वाटण वाटता वाटता गेली, कामात गेली, कुणाला सेवा करायला लावली नाही. दिवसकार्याला आलेली माणसं हेच बोलून गेली. तिचा नवरा शांताराम ते मान खाली घालून ऐकत राहिला, आणि दीड महिन्याने एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, वाटण वाटत व्हती, तर पाटा कोरडा कसा?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

"मी बोट घेऊन भर दर्यात व्हतो. निरोप मिळून आलो तो दुसऱ्या दिशी. पण शेजारची गोजराबाय, जिनं तिला पयलं बगितलं, ती शप्पत घेऊन सांगते, तिनं काय हलवलं नाय. पाटा धुतलेला, भितीला टेकून उभा. ना खोबरं, ना मिरची. मंग वरवंटा हातात कशाला?"

"वाटायला घ्यायचं मनात असेल. तेवढ्यात चक्कर आली असेल."

"आधी पाटा मांडतात, मंग वरवंटा घेतात," तो म्हणाला. "चाळीस वर्सं बगितलंय मी."

आमचं गाव बोईसरच्या पश्चिमेला, समुद्रावर. चिकूच्या वाड्या संपतात आणि मच्छीमारांचा पाडा सुरू होतो त्या हद्दीवर माझं घर. शांतारामच्या आणि माझ्या घरांमध्ये जाळी वाळत घालायचं मोकळं आवार, एवढंच अंतर. मी बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्त झालो तरी सुट्टीच्या सकाळी पाड्यातली पोरं माझ्या ओट्यावर येतात, आणि आम्ही काही ना काही मोजतो: भरती-ओहोटी, सावली, पाऊस. त्या हिवाळ्यात आम्ही हादरे मोजत होतो.

डहाणू-तलासरीकडे काही वर्षांपासून जमीन हादरते. आमच्याकडे पोचेपर्यंत ते हादरे बहुधा विरून जातात, पण त्या हिवाळ्यात विरत नव्हते. जमिनीतून 'धप्प' असा आवाज यायचा आणि पाठोपाठ फळीवरचे डबे वाजायचे. पोरं घाबरायची. मुलांच्या भीतीवर मला एकच औषध ठाऊक आहे, तिला काम द्यायचं. मी एक वही केली. तारीख, वेळ, आवाज कसा, डबे वाजले का, असे रकाने आखले. लिहायचं काम रिद्धीकडे दिलं, कारण तिचं अक्षर चांगलं आणि डोकं थंड. आणि एक नियम घातला: 'धप्प' ऐकलं की सगळ्यांनी बाहेर आवारात यायचं, आणि मी सांगेपर्यंत कुणीही कुठल्याही घरात शिरायचं नाही. पोरांचं बघून अख्खा पाडा तो नियम पाळू लागला. मला त्याचा अभिमान वाटायचा.

शांताराम मला पाटा दाखवायला घरात घेऊन गेला. चुलीजवळच्या कोपऱ्यात, सारवलेल्या जमिनीवर, काहीतरी लाल कापडाखाली झाकलेलं होतं.

"हे काय?"

"तिचा देव." तो थोडा ओशाळला. "नोव्हेंबरात गुजरातेत, वेरावळच्या पुढं जाळ्यात आला. मी फेकनार व्हतो, पण खलाशी बोलले, पिवळा हाय, घेऊन चला. ही बोलली, जाळ्यात आपनहून आला तो देव, त्याला परत टाकायचा नाय. तुमाला दाखवायला पन बंदी. बोलली, मास्तर बगतील तर घेऊन जातील नि पोरांना उघडून दाखवतील."

मी हसलो. आनंदी मला बरोबर ओळखून होती.

कापड काढलं. पिवळ्या प्लास्टिकचं, मोठ्या भोपळ्याएवढं कवच, त्यावर हळद-कुंकू, आणि कालवांचे चिकटलेले शिंपले. तीन पाय जमिनीत पक्के रुतलेले. मी शिंपले खरवडले तेव्हा खाली इंग्रजी अक्षरं निघाली: एका समुद्र-संशोधन संस्थेचं नाव आणि एक क्रमांक. त्या संस्थेत माझी एक विद्यार्थिनी होती.

मेघालीचे वडील जळगावकडून इथल्या वीज प्रकल्पात नोकरीला आले. ती वसाहतीत वाढली आणि माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून मला प्रश्न विचारून दमवत असे. फोन केल्यावर ती चौथ्या दिवशी आली. त्या पिवळ्या वस्तूकडे बघून ती खालीच बसली.

"सर, हे आम्ही गेलं समजून सोडून दिलं होतं. तळाशी धरून ठेवणारं वजन आपोआप सुटलं असणार, म्हणून हे वर आलं आणि वाहत गेलं."

पोरं जमली होतीच. मेघालीने त्यांना सांगितलं की इथून वायव्येला, खूप दूर, पाकिस्तानात मकरानचा किनारा आहे. तिथे समुद्राचा तळ आपल्या जागी स्थिर नाही. तो वर्षाला एखाददोन बोटं उत्तरेकडे सरकतो आणि समोरच्या जमिनीखाली घुसतो. घुसताना अडकतो. कधी कधी शंभर-दोनशे वर्षं अडकून राहतो आणि मग एकदम सुटतो. तेव्हा मोठा भूकंप होतो, समुद्र उसळतो. फार वर्षांपूर्वी तिथून उठलेलं पाणी मुंबईपर्यंत आलं होतं.

"तो कुठं अडकलाय ते बघायचं, तर खाली जाता येत नाही," मेघाली म्हणाली. "म्हणून जहाजावरून दाबलेल्या हवेचा दणका पाण्यात सोडायचा. तो आवाज तळातून खाली खडकात जातो आणि प्रत्येक थरावर आपटून परत येतो. ही यंत्रं तळाशी बसून तो ऐकतात. हजारो दणके ऐकले की खडकाचं चित्र काढता येतं."

"नारळ वाजवून बघतात तसं?" रिद्धीने विचारलं.

"अगदी तसंच. नारळ फोडायचा नाही, वाजवायचा."

शांताराम इतका वेळ दारात उभा होता. "ताय, हा घरात पन ऐकत व्हता?"

मेघालीने माझ्याकडे पाहिलं. "बॅटरी संपेपर्यंत ऐकत असणार, काका. याला समुद्र काय आणि घर काय, कळत नाही. जमीन हलली की ते लिहितं. माणसाच्या पावलानेही हलते."

"बॅटरी कदी संपली?"

"फेब्रुवारीत कधीतरी. उघडल्यावर कळेल."

आनंदी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गेली होती. तो पुढे आला आणि त्या पिवळ्या कवचावर हात ठेवून उभा राहिला. "न्या. पन मला सांगायचं, त्या दिशी ती काय करत व्हती. माजं दुसरं काय मागनं नाय. वाटत व्हती तर वाटत व्हती. नाय तर काय, ते सांगायचं. गोड लावून नाय."

मेघाली हो म्हणाली. जाताना तिने माझी हादऱ्यांची वही मागून घेतली. यंत्रातलं घड्याळ महिन्या-महिन्याने थोडं पुढे-मागे होतं, आणि बॅटरी मेल्यामुळे ते आता तपासता येणार नव्हतं. घरात असताना यंत्राने जे हादरे नोंदवले ते वहीशी ताडले की मिनिट जुळेल, आणि सरकारी भूकंपमापन केंद्राच्या यादीशी ताडले की सेकंद. मुलांची वही संशोधनाला उपयोगी पडणार म्हणून मी दोन दिवस छाती फुगवून फिरलो.

एप्रिलच्या मध्यावर ती परत आली. या वेळी तिने पोरांना घरी पाठवायला सांगितलं.

लॅपटॉपवर एक लांबच लांब रेघ होती. "हा डहाणूचा हादरा," ती म्हणाली. रेघ एकदम उसळली होती आणि हळूहळू शांत झाली होती. "वहीत आहे, केंद्राच्या यादीत आहे, सगळं जुळतं. तुमच्या वहीतल्या एकतीस नोंदी अशाच जुळल्या, सर. फक्त एका दिवसाच्या बारा नोंदी कुठल्याच यादीत नाहीत. यंत्रात मात्र आहेत."

तिने वही उघडून माझ्यासमोर ठेवली. जानेवारीचा शेवटचा रविवार. दहा चाळीस ते अकरा सोळा. रिद्धीचं वळणदार अक्षर: 'आवाज तीनदा.' 'आवाज तीनदा.' 'आवाज तीनदा.' आणि डब्यांच्या रकान्यात बारा वेळा: 'नाही.' पानाखाली माझी सही.

मग तिने त्या दिवसाची रेघ दाखवली. सकाळी पावलं: चुलीकडून दाराकडे, दाराकडून चुलीकडे. लहान, सारखी, एका लयीत. दहा तेहतीसला एक मोठी उसळी आणि पुढे काहीच नाही. सात मिनिटं. मग तीन ठोके. मग तीन ठोके.

"हे भूकंपाचं नाही," मेघाली हळू आवाजात म्हणाली. "भूकंप लांबून येतो, त्याच्या मागे शेपूट असतं. हे यंत्रापासून हातभर अंतरावर आहे. कोणीतरी जमिनीवर जड काहीतरी आपटतंय. सर, त्यांना पक्षाघात झाला असणार, वाचाही गेली असणार. हाताला वरवंटा लागला असेल."

मला तो रविवार लख्ख आठवला. ओट्यावर अकरा पोरं होती. पायाखाली 'धप्प' झालं आणि मी सगळ्यांना आवारात काढलं. पाड्यातल्या बायका-माणसंही बाहेर आली. परत 'धप्प'. मी म्हटलं, आज हादऱ्यांची झुंड आलेली दिसते, कोणी आत जाऊ नका. रिद्धी म्हणाली होती, "सर, डबे नाय वाजले." मी म्हटलं, "वेळ लिही." ती दर वेळी म्हणत राहिली, आणि दर वेळी मी तिला वेळ लिहायला लावली. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की दिसतं ते बघा, वाटतं ते नको. ते मूल तेच करत होतं. अकरा वाजून गेल्यावर ठोके हलके झाले, मग थांबले. मी आणखी अर्धा तास कुणाला आत जाऊ दिलं नाही. मग वही मागवली आणि सही केली. चार वाजता गोजराबाई ताक मागायला गेली तेव्हा कळलं.

"मी हे पुसून टाकू शकते," मेघाली म्हणाली. "माझ्या कामाचं फक्त समुद्रातलं आहे. घड्याळ जुळलं की हे सगळं काढूनच टाकायचं असतं. काकांना सांगता येईल की बॅटरी त्याआधीच संपली."

मी दोन दिवस तेच सांगायचं ठरवत होतो. वाक्यही जुळवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शांताराम किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता तिथे गेलो, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही.

"शांताराम, ती वाटत नव्हती. हाका मारत होती."

सगळं सांगितलं. पडली कधी, मध्ये सात मिनिटं काही नाही, मग ठोके. त्याच्या हातातली सुई जाळ्यात तशीच राहिली.

"किती येळ?"

"छत्तीस मिनिटं."

"कसे मारलेन? एकेक?"

"तीन. मग थांबून परत तीन."

त्याने सुई काढून वाळूवर ठेवली. ओहोटी लागलेली, होड्या चिखलात कलंडलेल्या.

"बोटीवर मशीन चालू असली का हाक ऐकू नाय येत," तो म्हणाला. "फळीवर ठोकतात. दोन म्हंजे हळू. तीन म्हंजे मशीन बंद कर नि इकडं ये, मानूस अडचनीत हाय. लगीन झाल्यावर दोन वर्सं ती माज्यासंगती खाडीत यायची होडीवर. मीच शिकवलेलं."

त्याने वाळूवर मुठीने तीनदा ठोकलं.

"तिला वाटलं आसल, मी भायेरच हाय."

"शांताराम, मी बाहेर होतो," मी म्हणालो. "तुझ्या दारासमोर. पोरांना घेऊन. ऐकू येत होतं. मला हादरा वाटला. मी कुणाला आत जाऊ दिलं नाही. पोरीने सांगितलं होतं हा हादरा नाही म्हणून. मी ऐकलं नाही."

"लगेच आला असतात तर वाचली असती?"

"डॉक्टरला विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित."

त्याने जाळं गोळा केलं, अर्धं सांधलेलं, अर्धं फाटलेलं, खांद्यावर टाकलं आणि निघून गेला.

त्यानंतर तो माझ्या ओट्यावर आला नाही. आवारात समोरासमोर आलो तर तो जाळ्याच्या पलीकडून जाई. ते त्याने करायलाच हवं होतं. माझ्या घरात मात्र दुसरंच सुरू झालं. पावणेअकराच्या सुमाराला, मी वाचत बसलेला असताना, पायाच्या तळव्यांना ठोके लागायचे. तीन. थोडं थांबून तीन. मी विज्ञानाचा शिक्षक, मी तपासलं. पितळी परातीत पाणी भरून जमिनीवर ठेवलं आणि शेजारी बसलो. ठोके लागले. पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती. मी घड्याळ पाहिलं. अकरा सोळाला ते थांबले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी वहीत त्याची नोंद केली नाही, पण रोज त्या वेळी चप्पल काढून जमिनीवर पाय टेकून बसू लागलो. निदान आता तरी कोणीतरी ऐकायला हवं, असं वाटायचं.

पोरांना मी सगळं सांगितलं. मोठ्या माणसाची चूक मुलांपासून लपवली की मुलं तीच चूक शिकतात. मग रिद्धीने विचारलं, "मंग आता आवाज आला तर काय करायचं, सर? भायेर जायचं का आत?"

एवढ्या वर्षांत मुलाच्या प्रश्नाला 'उद्या सांगतो' असं मी क्वचितच म्हटलं असेल. तेव्हा म्हटलं. मग मे महिना लागला तरी तो उद्या आला नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला जमीन खरोखर हादरली. आधी डहाणूकडून गुरगुर, मग दणका, मग माझ्या घरातले डबे, शेजारचे डबे, आणि कुठेतरी एक काचेचं काहीतरी फुटलं. पोरं क्षणात आवारात. पाडा बाहेर आला. कुत्री भुंकत होती. शांतारामचं दार अर्धं लोटलेलं होतं, आणि तो बाहेर आला नव्हता. बोटी किनाऱ्याला होत्या. तो घरातच असणार.

"शांताराम!"

उत्तर नाही.

गोजराबाई ओरडली, "आत नका जाव मास्तर, कौलं पडतील!" माझाच नियम ती मला सांगत होती. मी पोरांकडे पाहिलं. रिद्धी पेन हातात धरून माझ्याकडे बघत होती, लिहीत नव्हती.

"तुम्ही इथेच," मी म्हणालो, आणि धावलो. माझ्या वयाला जमेल तेवढं.

आत अंधुक होतं. कौलांमधून माती गळत होती. शांताराम चुलीजवळच्या कोपऱ्यात बसला होता. जमिनीत त्या यंत्राच्या तीन पायांचे खळगे अजून होते, आणि त्यांच्यावर त्याने तळहात पसरून ठेवला होता.

"चल बाहेर."

"कोन येतंय का बगत व्हतो," तो म्हणाला.

"वेडा आहेस? छप्पर येईल अंगावर!"

"आलात ना." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "किती येळ लागतो, तेवडंच बगायचं व्हतं. फार येळ नाय लागत, मास्तर."

मी भिंतीला धरून त्याच्या शेजारी खाली बसलो. पुन्हा एक लहान हादरा गेला, आमच्या दोघांच्या खालून, दर्याकडे. फळीवरून एक तांब्या घरंगळत आला आणि माझ्या पायाशी थांबला. शांतारामने तो उचलून बाजूला ठेवला.

बाहेरून रिद्धीचा आवाज आला, फाटलेला, उंच. "सर! कोन कोन हाय आत? ओ द्या!"

"मी आहे!" मी ओरडलो.

"मी हाय," शांताराम म्हणाला, तितक्या मोठ्याने नाही.

आणि मग उठण्याआधी आम्ही दोघंही त्या तीन खळग्यांशी थांबलो, आनंदीच्याही एका 'ओ'ला पुरेल इतका वेळ.